पेवातले काळे दाणे

तीन हजार वर्षांपूर्वीचं धान्य सापडल्याची बातमी आली की हमखास ऐकू येतं, 'काय पक्की साठवण होती हो जुन्या लोकांची!' साठवण पक्की असेलही. पण दाणे टिकले ते जळल्यामुळे. चुलीत सांडलेला किंवा भाजताना करपलेला दाणा हवा कमी पडली तर राख न होता कोळसा होतो, आणि कोळशाला ना बुरशी लागते ना कीड. नीट राखलेलं धान्य खाऊन किंवा पेरून संपलं. मागे राहिलं ते बहुतेक अपघाताचं. पालेभाजी उत्खननात क्वचित मिळते ती अशी कोळसा होऊन सहसा टिकत नाही म्हणून; ती कोणी खात नव्हतं म्हणून नव्हे.

दुसरा गैरसमज : खड्ड्यात दाणे मिळाले की ते पेव, म्हणजे धान्य साठवायचा खड्डा. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० मधली ही शेतकरी वस्ती, मुख्य पीक जव. तिथे चुन्याने लिंपलेली गोल पेवं मिळाली, कणगी ठेवायचे मातीचे ओटेही. पण रिकामं पेव पुढे उकिरडा होतं. म्हणून पुरावनस्पतितज्ज्ञ माती पाण्यात कालवून वर तरंगणारे जळके कण बारीक चाळणीत धरतात आणि दाण्याची सोबत बघतात. तळाशी एकाच पिकाचे निवडलेले दाणे असतील तर साठा. दहा जातींच्या बिया, राख, हाडं आणि खापरं एकत्र असतील तर केर. भोकं पडलेले दाणे किडीची साक्ष देतात. दाणे कुजले तरी तुसातली सिलिका मातीत उरते.

पेवातलं धान्य नासतंच, हाही समज खरा नाही. तोंड लिंपून बंद केलं की धान्य आतला प्राणवायू वापरतं, कार्बन डायऑक्साइड वाढतो, किडे गुदमरतात. भिंतीलगतचा थर ओल लागून जातो, मधलं धान्य राहतं. इंग्लंडमध्ये बटसरच्या प्रायोगिक शेतावर पीटर रेनॉल्ड्स यांनी खड्डे भरून हे पडताळलं.

आणि उत्खननातले दाणे पेरले तर? जळक्या दाण्यात गर्भच उरत नाही. इजिप्तच्या थडग्यांतला गहू उगवल्याच्या कथाही तपासात टिकल्या नाहीत.

विहीर खणताना खापरांसोबत असे काळे दाणे दिसले तर उचलून धुऊ नका. थरातून सुटलेला दाणा निम्मी माहिती गमावतो. काम थांबवून पुरातत्त्व विभागाला कळवा.