माथेरान कुणाच्या खांद्यावर

माथेरानला मोटारी जात नाहीत, पॉइंट अडतीस आहेत, येताना चिक्की आणि चपला आणायच्या, माकडांपासून पिशव्या सांभाळायच्या, एवढं पहिल्यांदा जाणाऱ्यालाही ठाऊक असतं. ते पुन्हा सांगण्यात अर्थ नाही. दस्तुरी नाक्यावर गाडी लावल्यानंतर तुमची बॅग, हॉटेलातला गॅस सिलिंडर, सकाळच्या चहाचं दूध, बाजारातली कोथिंबीर आणि कधी कधी तुम्ही स्वतः, हे सगळं कुणीतरी वर नेलेलं असतं. नेरळ-कर्जतच्या पट्ट्यात वावरणाऱ्या माणसाला माथेरानचे खरे किस्से कळतात ते या 'कुणीतरी'कडूनच. पावणेदोनशे वर्षांत या डोंगरावर जी मोठी भांडणं झाली, त्यांतल्या बऱ्याच भांडणांच्या मुळाशी एकच प्रश्न सापडतो: वर कोण नेणार, आणि कसं?

सुरुवात अर्थातच कलेक्टरपासून. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौकला मुक्कामाला होता. समोरचा डोंगर बघून त्याला वर जावंसं वाटलं. वन ट्री हिलच्या बाजूने तो चढला आणि रामबागेच्या बाजूने उतरला. जागा इतकी आवडली की पुन्हा येऊन त्याने वर घर बांधलं, त्याचं नाव 'द बाइक'. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी लक्ष घातलं आणि रस्ते, बंगले उभे राहिले. पाटीवरची हकिगत इथे संपते. वाडीतली हकिगत अशी की डोंगरावर धनगर, ठाकूर, कातकरी आधीपासून वावरत होते, पिसारनाथाला नारळ फुटत होते आणि साहेब ज्या वाटेने गेला ती वाट त्यांच्याच पायांनी पडलेली होती. वर गेल्यावर सगळीकडे लुईझा, शार्लट, अलेक्झांडर, गार्बट अशी नावं भेटतात. पण वन ट्री हिलच्या ओढ्यात वाट चुकलेले ट्रेकर आजही हाक मारतात ती खालच्या वाडीतल्या माणसाला, आणि तो हातातलं काम टाकून वर येतो.

रेल्वेची गोष्ट नेरळला शंभर वेळा ऐकायला मिळते. पीरभॉय शेठ माथेरानला जायला निघाले, नेरळला उतरले, तर घोडे आणि पालख्या सगळ्या आधीच ठरलेल्या. शेठ अडकले आणि तिथेच म्हणाले की आता वर रेल्वेच नेतो. दंतकथेला जेवढा मीठमसाला लागतो तेवढा यात आहेच. नोंदींत सापडतं ते असं: पैसा सर आदमजी पीरभॉय यांचा आणि कष्ट त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांचे. आखणीत सल्ला एव्हरार्ड कॅलथ्रॉपचा, म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेवाल्याचा. १९०४ मध्ये काम सुरू झालं आणि २२ मार्च १९०७ रोजी दोन फुटी रुळांवरून गाडी वर पोचली. खर्च आला सोळा लाख रुपये. एका घराण्याने आपल्या पैशाने डोंगरात एकवीस किलोमीटर रेल्वे घालावी, हे मला आजही थक्क करणारं वाटतं. जागा न मिळालेल्या माणसाने ती गाडी बांधली असं सांगतात, आणि आज सीझनमध्ये त्याच नेरळ स्टेशनावर तिकीट न मिळालेली कुटुंबं खिडकीवरून मागे फिरून टॅक्सी शोधताना दिसतात.

गाडीत बसलेल्यांचे डोळे दरीकडे असतात. वन किस बोगदा आला की सगळे ओरडतात. या गाडीतली सगळ्यात बघण्यासारखी जागा मात्र दोन डब्यांच्या मधे होती. एक-वीसचा चढ, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, आणि वळणं अशी की शेवटच्या डब्यातल्या माणसाला खिडकीतून इंजिन दिसावं. अशा गाडीला कित्येक वर्षं डब्याडब्याला हाताने फिरवायचा ब्रेक होता आणि त्यावर एकेक माणूस उभा असे. त्याला ब्रेकपोर्टर म्हणत. चालक शिट्टी वाजवून खुणा देणार, आणि हे लोक एका हाताने डब्याची कड धरून दुसऱ्या हाताने चाक आवळणार किंवा सैल करणार. एकाने जास्त आवळलं तर डबा घासत जाणार, एकाने उशीर केला तर मागचा डबा पुढच्याला ढकलणार. पावसाळ्याच्या तोंडाशी, धुकं आणि ओले रूळ असताना, शिट्टी ऐकू येण्याआधीच वळणाच्या अंदाजाने हात फिरवणारी माणसं या गाडीवर होती. वर जाताना सगळे इंजिनाचं कौतुक करत. उतरताना गाडी सांभाळली जायची ती यांच्या मनगटांवर, आणि फोटोत ते सहसा अर्धेच यायचे.

या गाडीचे नशिबाचे फेरे विलक्षण आहेत. २६ जुलै २००५ च्या पावसाने मुंबई बुडाली हे सगळ्यांना आठवतं. त्याच पावसाने या रुळांखालचा डोंगर वाहून नेला, रूळ हवेत लोंबकळत राहिले. आता ही गाडी संपली असं अनेक जाणते लोक म्हणत होते. दोन वर्षांनी शताब्दी आली होती आणि गाडीच नाही! शेवटी ५ मार्च २००७ रोजी ती पुन्हा धावली, शताब्दीच्या जेमतेम अडीच आठवडे आधी. मग मे २०१६ मध्ये थोड्याच दिवसांत ती दोनदा घसरली आणि बंद झाली. या वेळी मोठे बदल झाले: दरीच्या बाजूला कठडे आले, हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक आले. २०१८ च्या जानेवारीत नेरळहून गाडी पुन्हा वर गेली. पुढच्याच वर्षीच्या पावसाने रूळ पुन्हा उखडले आणि २२ ऑक्टोबर २०२२ पर्यंत वाट बघावी लागली. एवढ्या वेळा पडून ती उभी राहिली, कारण दर वेळी वरच्या लोकांनी निवेदनं दिली, बैठका घेतल्या, पाठपुरावा सोडला नाही. पर्यटकांसाठी ती खेळण्यातली गाडी असेल, वरच्या माणसासाठी ती खाली उतरण्याची हक्काची वाट आहे. मधल्या काळात दस्तुरीजवळच्या अमन लॉजपासून माथेरानपर्यंतची तीन किलोमीटरच्या आतली शटल एकटीने गाव सांभाळत होती. सकाळच्या वेळी अमन लॉजच्या फलाटावर उभं राहिलं की दुधाच्या कॅनपासून भाजीच्या पोत्यांपर्यंत सगळं गाव डोळ्यांसमोरून जातं.

आता दस्तुरी. माथेरानचं खरं नाट्य इथे घडतं, कारण पहिल्या पाच मिनिटांत पाहुणा कुणाचा हे इथे ठरतं. घोडेवाला, हातरिक्षावाला, हमाल, हॉटेलचा माणूस आणि जवळच असलेली शटल, सगळ्यांना तोच पाहुणा हवा असतो. गाव दूर आहे, चढ फार आहे, शटल आज बंद आहे, असं सांगून नवख्याला घोड्यावर बसवण्याचे प्रकार वाढले, आणि त्याचा राग अखेर बाहेरच्यांना आला नाही, गावालाच आला. मार्च २०२५ मध्ये हॉटेलवाले, दुकानदार, रहिवासी यांनी पर्यटकांची फसवणूक थांबवा म्हणून माथेरान बेमुदत बंद ठेवलं. ऐन धंद्याच्या दिवसांत आपलंच शटर ओढून एका गावाने आपल्याच दारातली फसवाफसवी थांबवायला सांगितलं. हे धाडस मोठं होतं. बैठक झाली, आश्वासनं मिळाली, दुसऱ्याच दिवशी बंद मागे घेतला गेला. हे लिहिताना सगळ्या घोडेवाल्यांना एका मापाने मोजायचं नाही. रात्री घोड्याच्या पायाला सूज आली म्हणून त्याच्या शेजारी कंदील घेऊन बसलेले लोकही याच तळावर आहेत.

हातरिक्षा जवळून बघितली आहे का? दोन मोठी चाकं, एक बाकडं, पुढे लाकडी दांडा. चढावर पुढे एक जण ओढतो आणि मागून दोघं ढकलतात. लाल माती, जांभ्याचे दगड, पावसात त्याचा चिखल. खरा कस लागतो तो उतारावर. तिथे पुढचा माणूस मागे रेलून टाचा जमिनीत रुतवत येतो, आणि मागचे दोघं रिक्षा ओढून धरतात, कारण एकदा ती सुटली तर बसलेला आणि ओढणारा दोघंही गेले. पन्नाशीत गुडघे संपतात आणि छातीत कफ राहतो. असे चौऱ्याण्णव परवानाधारक होते. ही प्रथा बंद पडली पाहिजे असं शहरातले लोक बरीच वर्षं बोलत होते. प्रत्यक्षात न्यायालयापर्यंत ते लावून धरलं हातरिक्षा ओढणाऱ्यांच्याच संघटनेने. ज्यांचं पोट त्या दांड्यावर होतं तेच म्हणाले, हा दांडा आमच्या हातातून काढा आणि ई-रिक्षा द्या.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगाला परवानगी दिली आणि डिसेंबरमध्ये सात ई-रिक्षा तीन महिन्यांसाठी धावल्या. त्या तीन महिन्यांत सगळ्यात खूश कोण होतं? शाळेतली मुलं आणि म्हाताऱ्या आज्या. रोज दप्तर घेऊन चालणाऱ्या पोरांना पहिल्यांदा बसून शाळेत जाता आलं. विरोधही जोरात झाला. घोडेवाल्यांना धंद्याची भीती, पर्यावरणवाल्यांना भीती की आज ई-रिक्षा आली, उद्या मोटार येईल. ४ फेब्रुवारी २००३ पासून माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, त्यामुळे ही शंका मी उडवून लावणार नाही. मोटार नाही म्हणूनच इथे शेकरू अजून डोक्यावरून उड्या मारतं आणि अंजनीची झाडं रस्त्याच्या कडेला निळीजांभळी फुलतात. पण मोटारीला बंदी याचा अर्थ माणसाने माणसाला ओढावं असा लावला गेला होता, आणि तो मुळातच चुकीचा होता.

त्यातच पेव्हर ब्लॉकचा वाद. पावसात रस्त्याची माती वाहून जाते, म्हणून दस्तुरीपासून ब्लॉक बसवायला घेतले. ई-रिक्षावाल्यांना ते हवे होते. घोडेवाले म्हणाले, लोखंडी नाल ठोकलेला घोडा यावर घसरतो, मेला तर भरपाई कोण देणार? प्रश्न रास्त होता. एकाच रस्त्यावर नाल आणि टायर दोघांना जागा करायची होती, आणि निकाल दिल्लीतून यायचा होता. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तो आला. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉकला मुभा दिली, आतल्या रस्त्यांवर आणि घोड्यांच्या वाटांवर मनाई केली. आणि हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करा असं राज्याला सांगितलं. गुजरातेत केवडियाला स्थानिक महिला ई-रिक्षा चालवतात, तशी योजना आणा, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, इतकं स्पष्ट. अमरावतीच्या मातीतला न्यायाधीश हे बोलला याचं अनेक रिक्षावाल्यांना अप्रूप वाटलं, आणि मलाही.

शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत सगळे पोचतात. त्याच गावात जन्मलेल्या भाई कोटवालांबद्दल फार थोडे विचारतात. विठ्ठल लक्ष्मण कोटवाल, जन्म १ डिसेंबर १९१२, नाभिक कुटुंबातला मुलगा. माथेरानच्या बंगल्यांत साहेब आणि शेठ सुट्टी घालवत होते त्या काळात हा मुलगा वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला, शेतकऱ्यांना सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून धान्यकोठ्या काढल्या. १९४२ मध्ये त्यांनी आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. ज्या डोंगरावर सरकार हवा खायला येत होतं, त्याच डोंगराच्या पोराने सरकारच्या मुंबईचे दिवे आणि गिरण्या हादरवल्या. पोलिसांना या रानात वाट सापडत नव्हती, दस्त्याला मात्र वाड्यावाड्यांतून भाकरी आणि निरोप पोचत होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पहाटे वेढा पडला, कोटवाल आणि हिराजी पाटील तिथे धारातीर्थी पडले. माथेरानच्या घोड्यावरच्या 'बारा पॉइंट'च्या फेरीत हे नाव अगत्याने सांगितलं गेलं पाहिजे. काही घोडेवाले सांगतातही, आणि तेव्हा त्यांचा आवाज पॉइंटची नावं सांगतानाच्या आवाजापेक्षा वेगळा लागतो.

डोंगराच्या अंगावरच्या वाड्यांचं काय? बेकरेवाडी, आसलवाडी, जुम्मापट्टीच्या आसपासचे पाडे. उन्हाळ्यात भल्या पहाटे इथल्या बायका करवंदं-जांभळांच्या पाट्या डोक्यावर घेऊन वर निघतात आणि पर्यटक उठायच्या आत पॉइंटच्या वाटेवर पानांचे द्रोण मांडून बसतात. पुरुष हॉटेलांत, बांधकामांवर, हमालीला. वरच्या गावाला लागणारं बरंचसं बळ या वाड्यांतून येतं. पण वाडीतलं कुणी आजारी पडलं तर कित्येक ठिकाणी अजून काठीला झोळी बांधून चौघांनी त्याला डांबरी रस्त्यापर्यंत उतरवावं लागतं. वर रुग्णवाहिका फिरते, ती या डोंगरावरची परवानगी असलेली जुनी मोटार. वाड्यांसाठी रस्त्याची मागणी जुनी आहे, जमीन बरीचशी वनखात्याची आहे, आणि मोर्चे तहसीलदार कचेरीपर्यंत जाऊन आले आहेत. हातरिक्षाचा प्रश्न दिल्लीपर्यंत नेता येतो हे आता या वाड्यांतल्या पोरांनी पाहिलं आहे. पुढच्या खेपेला जाल तेव्हा करवंदांचा द्रोण घेताना भावात घासाघीस करू नका, आणि घाई नसेल तर त्या मावशीला वाडीच्या रस्त्याचं कुठवर आलं ते विचारा. ती तारखांसकट सांगेल.