फुटपाथ, जिना आणि बंगळुरूकरांचं वजन: काही गैरसमज

बंगळुरूत नव्याने राहायला आलेला मराठी माणूस वर्षभरात दोन गोष्टी हमखास सांगतो. इथली हवा छान आहे आणि माझं वजन वाढलंय. हवेचं श्रेय समुद्रसपाटीपासूनच्या नऊशे मीटर उंचीला जातं. वजनाचा दोष मात्र आपण स्वतःच्या आळसाला देतो, नाहीतर बेण्णे डोशाला. डॉक्टर 'रोज चाला' म्हणून मोकळे होतात. कुठून कुठे आणि कशावरून चालायचं, हे चिठ्ठीवर कधी नसतं. घराची, गल्लीची आणि ऑफिसची आखणीच माणसाला चालवते किंवा बसवते. हा विषय आपल्याकडे आरोग्याचा मानलाच जात नाही, म्हणून त्याभोवती गैरसमज भरपूर साचले आहेत.

गैरसमज: व्यायाम म्हणजे जिम किंवा पहाटेचा फेरफटका. बाकीची ये-जा धरायची नसते.

धरायची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींनुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल पुरते. ती निदान दहा मिनिटं सलग हवी, ही जुनी अटही आता काढून टाकली आहे. म्हणजे कोथिंबीर आणायला जाणं, बसथांबा गाठणं, दोन मजले चढणं हे सगळं हिशेबात येतं. याचा सर्वांत गाजलेला पुरावा तर १९५३चा आहे. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधले चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर वर-खाली करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत होता आणि बसून गाडी हाकणाऱ्या चालकांना जास्त. वाहक काही व्यायाम म्हणून जिने चढत नव्हते. त्यांचं कामच तसं होतं.

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी नाही. निम्मा देश एकाच वेळी आळशी झाला, हे पटण्यासारखं नाही.

गैरसमज: दाट वस्ती आरोग्याला वाईट, मोकळी, ऐसपैस टाउनशिप चांगली.

यासाठी मल्लेश्वरमला जावं. मराठी माणसाचं तिथे जुनं नातंही आहे: काडु मल्लेश्वराच्या देवळाला व्यंकोजीराजांनी गाव इनाम दिल्याचा १६६९चा शिलालेख आहे. आजची वस्ती मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. १८९८मध्ये बंगळुरूत प्लेग आला, जुन्या पेठेतली गर्दी फोडायची निकड निर्माण झाली आणि आधीच आखून ठेवलेली मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ही दोन उपनगरं झपाट्याने वसली. हे नगररचनेचं काम आरोग्यासाठीच झालं होतं. घरांना उजेड-वारा मिळावा, आणि मैला नेण्यासाठी घरांच्या मागून वेगळी वाट असावी, असा विचार होता. मुंबईकर जिला हाउस गल्ली म्हणतात, तीच ही वाट. अलीकडे यांतल्या काही गल्ल्या साफ करून, भिंती रंगवून पायी चालणाऱ्यांसाठी खुल्या केल्या आहेत.

नकाशात बघितलं तर इथे 'मेन' आणि 'क्रॉस' एकमेकांना थोड्याथोड्या अंतरावर छेदतात. त्यामुळे कुठूनही कुठे जायला चार वाटा असतात आणि त्या सगळ्या आखूड असतात. आठव्या क्रॉसवर फुलं, भाजी, साड्या, पूजेचं सामान. संपिगे रोडवर खाणं. जवळच शाळा, देऊळ, संकी तलाव. इथल्या आजी सत्तरीतही रोज बाहेर पडतात, कारण बाहेर पडायला कारण आहे आणि ते कारण पावलांच्या अंतरावर आहे.

आता सर्जापूर रस्त्यावरची एखादी मोठी सोसायटी घ्या. आत जॉगिंग ट्रॅक आहे, पोहण्याचा तलाव आहे, क्लबहाउस आहे. फाटकाबाहेर मात्र फुटपाथ नाही, आणि समोरच्या दुकानात जायचं तर वेगाने जाणाऱ्या टँकरांमधून रस्ता ओलांडायचा. मग दूधसुद्धा अ‍ॅपवरून येतं. अशा ठिकाणी व्यायाम ही वेळापत्रकात बसवायची गोष्ट होते. कामाचा ताण वाढला की पहिली तीच गळते.

याला मोजमापाचा आधारही आहे. २०१६मध्ये 'लॅन्सेट'ने १० देशांतल्या १४ शहरांचा अभ्यास छापला. माणसांच्या कमरेला यंत्र लावून हालचाल मोजली होती. सर्वांत चालण्याजोग्या वस्तीत राहणारे लोक सर्वांत न चालण्याजोग्या वस्तीतल्या लोकांपेक्षा आठवड्याला ६८ ते ८९ मिनिटं जास्त हालचाल करत होते, म्हणजे किमान शिफारशीचा साधारण निम्मा वाटा नुसत्या पत्त्यावर. फरक कशाने पडला? घरांची दाटी, चौकांची संख्या, सार्वजनिक वाहतुकीचे थांबे आणि चालत जाता येतील अशी उद्यानं. त्या १४ शहरांत भारतातलं एकही नव्हतं, हे खरं. पण मल्लेश्वरम आणि सर्जापूर रस्ता दोन्ही पाहिलेल्या माणसाला ही यादी परकी वाटणार नाही. दाटी म्हणजे गटार तुंबलेली, उजेड न येणारी वस्ती नव्हे, एवढं मात्र लक्षात ठेवायचं.

गैरसमज: फुटपाथ रुंद केला की गाड्यांची कोंडी होते.

बंगळुरूचा नेहमीचा फुटपाथ म्हणजे पावसाळी गटारावर टाकलेल्या फरश्या. त्यातली एखादी हलते, एखादी नसतेच. मध्ये ट्रान्सफॉर्मर, पुढे कुणाच्या बंगल्याचा गाडी चढवायचा उतार. इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ची मार्गदर्शक तत्त्वं निदान १.८ मीटर मोकळी वाट मागतात, आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको म्हणतात. एवढ्या साध्या मापात बसणारा सलग अर्धा किलोमीटर या शहरात शोधून दाखवावा!

तो सापडतो, पण मोजक्या रस्त्यांवर. जना अर्बन स्पेस या संस्थेने तयार केलेल्या 'टेंडरशुअर' पद्धतीने गेल्या दशकात रेसिडेन्सी रोड, कनिंगहॅम रोड, सेंट मार्क्स रोड, विठ्ठल मल्ल्या रोड असे रस्ते नव्याने बांधले. जुना रस्ता कुठे तीन पदरी, कुठे पाच पदरी असायचा. रुंद भागात सुटलेल्या गाड्या अरुंद भागात येऊन अडायच्या. टेंडरशुअरने गाड्यांची पट्टी सगळीकडे सारख्या रुंदीची केली आणि उरलेली जागा फुटपाथला दिली. केबल आणि नळ जमिनीखालच्या नळकांड्यांत घातले, म्हणजे दर वर्षी खणायला नको. पाच पदरी तुकडा हरवला म्हणून हळहळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की त्या तुकड्याचा उपयोग पुढच्या कोंडीत लवकर पोहोचण्यापलीकडे फारसा नव्हता. खर्च जास्त आला, यावर टीका झाली आणि ती रास्त होती. पण दर वर्षी खणून बुजवण्याचा खर्चही त्याच वहीत मांडायला हवा.

नुसता रंग फासून मात्र काही होत नाही. जयनगरात २०१२च्या सुमारास सायकलींसाठी मार्गिका आखल्या. थोड्याच दिवसांत तिथे मोटारी उभ्या राहू लागल्या.

गैरसमज: स्कायवॉक बांधला की पादचाऱ्याची सोय झाली. वर जिना चढून व्यायामही होतो.

हा युक्तिवाद करणारे स्वतः मोटारीतून फिरतात, अशी माझी दाट शंका आहे. पादचारी पूल गाड्या न थांबता जाव्यात म्हणून बांधले जातात, आणि बंगळुरूत त्यांतल्या कितीतरी पुलांचा खर्च त्यांच्यावरच्या जाहिरातींतून निघतो. गुडघे दुखणारी बाई, बाळ कडेवर घेतलेली आई, ओझं वाहणारा मजूर यांना तो जिना म्हणजे सक्ती आहे. ते एकतर खालून जीव मुठीत धरून धावतात किंवा जायचंच टाळतात. शक्य तिथे जमिनीवरूनच रस्ता ओलांडण्याची सोय करा, असं रस्त्यांची नियमावलीही सांगते.

गैरसमज: तब्येतीसाठी इमारतीत जिम हवी.

जिम असावी, पण आधी जिना दिसावा. बऱ्याच टेक पार्कमध्ये लॉबीत शिरताच सहा लिफ्ट झगमगतात आणि जिना जड अग्निरोधक दारामागे, ट्यूबलाइटच्या उजेडात असतो. आगीच्या वेळचा जिना बंदिस्त हवाच. त्याशिवाय पहिल्या तीन-चार मजल्यांना जोडणारा उघडा, उजेडाचा दुसरा जिना ठेवायला कुणाची मनाई नसते. न्यूयॉर्कने २०१०मध्ये इमारतींसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत नेमका यावर भर दिला: जिना प्रवेशाजवळ, दिसेल असा, सुखद. लिफ्ट ज्यांना लागते त्यांच्यासाठी राहतेच.

परदेशी दाखला नको असेल तर बन्नेरघट्टा रस्त्यावरचं आयआयएम पाहा. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी ते सत्तरच्या दशकात आखलं, फतेहपूर सिक्री डोळ्यांसमोर ठेवून. राखाडी दगडाच्या भिंती, चौक, आणि त्यांना जोडणारे लांबच लांब व्हरांडे: कुठे छत, कुठे वेलींचा मांडव, कुठे उघडं आभाळ. वर्गातून ग्रंथालयात जायचं तर चालावंच लागतं, आणि चालताना कुणी ना कुणी भेटतं. दोशींनी हे आरोग्य डोळ्यांपुढे ठेवून केलं नसेल. पण बंगळुरूच्या हवेत उघड्या व्हरांड्याला तोड नाही, हे त्यांना कळलं होतं. काचेच्या पेट्या बांधणाऱ्यांना ते अजून कळायचं आहे.

गैरसमज: एवढ्या धुरात चालण्यापेक्षा घरात बसलेलं बरं.

२०१६च्या एका अभ्यासात याचं गणित मांडलं आहे. हवेत पीएम २.५ कणांचं प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असलं, तरी चालण्याचा तोटा फायद्याला मागे टाकायला दिवसाला दहा तासांहून जास्त चालावं लागतं. बंगळुरूची वार्षिक सरासरी याच्या बरीच खाली असते. दमेकऱ्यांनी आणि हृदयरोग्यांनी डॉक्टरांचं ऐकावं. इतरांनी मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीतून जावं.

गैरसमज: हे सगळं सरकारचं काम. आपण काय करणार?

बरंचसं सरकारचंच आहे. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या कलम २१खालचा हक्क मानला आणि राज्यांना मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितली. बंगळुरूत आता पाच महापालिका आहेत. अर्ज कुठे द्यायचा हे आधी शोधावं लागेल, पण द्यावा. एक काम मात्र कुणाच्या परवानगीशिवाय होतं. कितीतरी सोसायट्यांनी पहारेकऱ्याचा पगार वाचवायला मागचं फाटक कुलूपबंद केलं आहे, आणि त्यामुळे भिंतीपलीकडचं दुकान किंवा बसथांबा एक किलोमीटरवर गेला आहे. पुढच्या वार्षिक सभेत क्लबहाउसच्या नूतनीकरणाआधी ते फाटक उघडायचा ठराव मांडा.