मूर्ती विरघळते की फुटते?

शाडूची मूर्ती कधी केली आहे का? मातीत पाणी घालून ती मळायची, आकार द्यायचा आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवायची. आपले पूर्वज सृष्टी पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश या पंचमहाभूतांची बनलेली मानत. आजच्या रसायनशास्त्रात ही मूलद्रव्ये नव्हेत; पण मूर्तिकलेत त्यांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

शाडूत पाणी मातीच्या कणांच्या मध्ये शिरते. वाळताना ते हवेत जाते. विसर्जनात पाणी पुन्हा शिरले की कण सुटे होतात. माती विरघळत नाही, ती मोकळी होते. हिशेब जुळतो.

आता प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाहू. येथे तेजाचे काम आहे. जिप्सम हे खनिज सुमारे १५० अंश सेल्सिअसला भाजले, की त्यातील तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि भुकटी उरते. तिच्यात पाणी कालवले, की ते स्फटिकांच्या घडणीतच बांधले जाते. सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि मूर्ती काही मिनिटांतच घट्ट होते.

हे जिप्सम एक लिटर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते. दोन किलो भुकटीच्या मूर्तीत सुमारे २.४ किलो जिप्सम असते. म्हणजे ते पूर्ण विरघळायला जवळजवळ हजार लिटर पाणी हवे! पंधरा लिटरच्या बादलीत चाळीस ग्रॅमही विरघळणार नाही.

आमच्या ओझरला बाणगंगा नदी आहे. येथील शेतकऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात पाणी वापर संस्था स्थापल्या आणि वाघाड धरणाचे पाणी बंधाऱ्यांत सोडून विहिरींचा पाझर वाढवला. असे साठवलेले पाणी वाहत नसते. त्यात जिप्सम गेले तर पाण्याचा कायम कठीणपणा वाढतो. तळाच्या गाळात प्राणवायू नसेल, तर काही जिवाणू सल्फेटपासून दुर्गंधी हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. रंगांत शिसे किंवा क्रोमियम असेल तर विषाची भर पडते.

शाडूही अगदी निर्दोष नाही. तो बहुधा दुरून खणून आणावा लागतो आणि त्याच्या गढूळपणामुळे पाण्यातील वनस्पतींना प्रकाश कमी मिळतो. म्हणून मूर्ती लहान असावी, घरीच बादलीत विसर्जित करावी आणि माती पुढल्या वर्षासाठी ठेवावी.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई केली. अशी मूर्ती घरी असलीच, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेला उपाय आहे: ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ठेवायची. खाली कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि वर अमोनियम सल्फेट, म्हणजे एक खतच, द्रावणात राहते.

आता प्रयोग करा. न रंगवलेल्या वाळलेल्या शाडूचा आणि प्लॅस्टरचा, प्रत्येकी पन्नास ग्रॅमचा तुकडा एकेक लिटर पाण्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टरचा तुकडा पूर्ण वाळवून पुन्हा तोला. किती ग्रॅम घटले? उत्तर वर्गात फळ्यावर मांडा.