साचाखात्यापासून रोबोपर्यंत : कारखान्याची मांडणी कोण करतो?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये दरवर्षी एकच चर्चा सुरू होते. मुलगा किंवा मुलगी हुशार असेल तर डॉक्टर, नाहीतर एमपीएससी-यूपीएससी. विहारांतून स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालतात, अधिकारी झालेल्यांचे सत्कार होतात. यात वावगे काहीच नाही. प्रशासनात आपली माणसे असलीच पाहिजेत. पण जागा शेकड्यांनी आणि उमेदवार लाखांनी, हे गणित कोणाला चुकलेले नाही. अनेकांची ऐन उमेदीची वर्षे त्यातच जातात. दुसरीकडे चाकण, वाळूज, बुटीबोरी येथे कारखाने उभे आहेत. त्या कारखान्यांत आपला समाज कोठे उभा आहे, हा प्रश्न मात्र आपण विचारीत नाही.

वकिलीच्या निमित्ताने आमच्याकडे येणाऱ्या कंत्राटी कामगारांकडे पाहिले तर उत्तर सापडते. कोणी भट्टीवर, कोणी रंगखात्यात, कोणी ग्राइंडिंगच्या धुळीत, कोणी झाडलोटीला. काम सर्वांत तापदायक आणि नोकरी सर्वांत कच्ची. यंत्र कोठे बसेल, कोणते काम माणूस करील आणि कोणते रोबो, एका पाळीत किती माणसे लागतील, हे जेथे ठरते त्या खोलीत आपण फारसे नाही. त्या खोलीत बसून हे सारे ठरविणाऱ्याला मॅन्युफॅक्चरिंग सिस्टिम्स इंजिनिअर, म्हणजे उत्पादन-प्रणाली अभियंता म्हणतात. आजचा लेख या पेशाविषयी आहे.

हा अभियंता एकट्या यंत्राचा विचार करीत नाही. कच्चा माल गेटमधून आत येतो तेव्हापासून तयार माल बाहेर पडेपर्यंतची सगळी साखळी तो मांडतो. साधे उदाहरण घ्या. आठ तासांच्या पाळीतून जेवणाची अर्धा तास सुट्टी वजा केली की ४५० मिनिटे उरतात. रोज ४५० नग हवे असतील तर दर मिनिटाला एक नग बाहेर पडला पाहिजे. आता ओळीतल्या एखाद्या कामाला ६० ऐवजी ८० सेकंद लागत असतील तर बाकीची यंत्रे कितीही वेगाने चालोत, दिवसअखेर ३३७ च नग निघतील. मालक म्हणतो, कामगार आळशी आहे. अभियंता म्हणतो, थांबा, अडथळा कोठे आहे ते पाहू. मग तो काम दोघांत वाटतो, पकड बदलतो, दुसरे यंत्र जोडतो किंवा मांडणीच बदलतो. दोष माणसाच्या माथी न मारता व्यवस्थेत शोधायचा, हा या शास्त्राचा पाया आहे. कारणाशिवाय कार्य नाही, हे भगवान बुद्धांपासून शिकलेल्या समाजाला ही विचारपद्धती परकी वाटण्याचे कारण नाही.

आणि कारखान्याची मांडणी जातीची गुलाम कशी होते, हे आपल्याइतके कोणी भोगलेले नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना साचाखात्यात, म्हणजे विणकामात प्रवेश नव्हता. पगार मात्र तेथेच चांगला होता. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा दोरा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला, तेव्हा कोठे नाइलाजाने तो मागण्यांच्या यादीत आला. वर्गाची भाषा बोलणाऱ्यांना जात दिसत नव्हती, हे आपण जाणतोच. पण या इतिहासाची दुसरी बाजू आपण क्वचितच पाहतो.

तोंडाने दोरा ओढणे ही काही निसर्गाची आज्ञा नव्हती. हाताने दोरा ओवता येईल असे धोटे निघालेले होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने ओढायच्या धोट्यांवर १९११ सालीच बंदी घातली, कारण त्यातून रोग पसरण्याची भीती होती. जपानमध्ये साकिची टोयोडा नावाच्या सुताराच्या मुलाने १९२४ साली असा स्वयंचलित माग पूर्ण केला, की तो न थांबता स्वतःच धोटा बदले आणि धागा तुटला की आपोआप थांबे. म्हणजे मुंबईत आपल्या वाडवडिलांना ज्या धोट्यामुळे दाराबाहेर ठेवले जात होते, त्या धोट्याचा प्रश्न अभियंत्याच्या टेबलावर सुटण्यासारखा होता. तो येथे सोडवावासा कोणाला वाटला नाही, कारण ज्यांच्या हाती मांडणी होती त्यांचे त्यावाचून काही अडत नव्हते.

टोयोडांच्या मागातला हाच विचार पुढे टोयोटा मोटारींच्या कारखान्यात गेला. चूक दिसली की काम थांबवायचे, चुकीचा माल पुढे जाऊ द्यायचा नाही आणि ओळ थांबविण्याचा अधिकार साध्या कामगारालाही द्यायचा, ही रीत ताइची ओनो यांनी तेथे रुजविली. आज जगभरच्या कारखान्यांत ती शिकविली जाते. ज्या देशात शतकानुशतके खालच्याने वरच्याला थांबवायचे नाही हाच धर्म होता, तेथे ही रीत कागदावर येते पण अंगी मुरत नाही. सुपरवायझरपुढे मान वर न करण्याची सवय लागलेला कामगार ओळ कशी थांबवील? १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात केवळ कामाची वाटणी करीत नाही, ती काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते आणि त्यांची उतरंड लावते. धंदा बदलण्याची मुभा नाकारल्याने जात बेकारीलाही कारण होते, हेही त्यांनी तेथेच सांगितले. उद्योगशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे भाषण पाठ्यपुस्तक म्हणून वाचावे, असे आमचे मत आहे.

हा केवळ इतिहास नाही. गटार साफ करणारे यंत्र आज भारतात बनते. केरळमधील तरुण अभियंत्यांनी 'बॅंडिकूट' नावाचा रोबो २०१८ साली मॅनहोलमध्ये उतरविला. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ पासून आहे. गटारातील मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. तरी माणसे गुदमरून मरतातच. यंत्र महाग वाटते, कारण आपला माणूस स्वस्त धरला जातो. हा हिशेब मांडणाऱ्या टेबलावर आपला अभियंता बसलेला असेल तर निदान हिशेबातली ही चोरी तो उघडी पाडील.

येथे एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. हाच अभियंता रोबो बसवितो आणि दहाच्या जागी चार माणसे ठेवतो. ती सहा माणसे कोण असतील? बहुधा आपलीच. मग आपल्या मुलांनी आपल्याच भावांच्या पोटावर पाय द्यावा काय? आमचे म्हणणे असे की यंत्र येणारच आहे. ते कोणाच्या हातून आणि कोणत्या अटींवर येते, एवढेच आपण ठरवू शकतो. बाबासाहेब यंत्रविरोधी नव्हते. लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर १९१८ साली लिहिताना त्यांनी औद्योगिकीकरण हाच उपाय सांगितला. आणि १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली. यंत्र हवे, पण त्याचा लाभ श्रमिकाला हवा, ही त्यांची भूमिका होती. भट्टीवरचे काम रोबोला द्या आणि भट्टीवरच्या माणसाला तो रोबो चालवायला शिकवा, हे सांगणारा अभियंता चळवळीला हवा आहे.

वाट कठीण आहे, पण बंद नाही. दहावीनंतर आयटीआय, तेथून पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात आणि पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. यांत्रिकी, प्रॉडक्शन, इंडस्ट्रियल, मेकॅट्रॉनिक्स यांपैकी कोणतीही शाखा चालते. छत्रपती संभाजीनगरचे इंडो-जर्मन टूल रूम हत्यारे आणि साचे बनविण्याचे शिक्षण देते. मुंबईची १९६३ साली स्थापन झालेली 'नीटी' २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली आहे. तिची ओळखच मुळी औद्योगिक अभियांत्रिकीची. परदेशात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. सोबत संख्याशास्त्र, संगणकाची एखादी भाषा आणि नकाशा वाचण्याची सवय हवी. पाळीची नोकरी आणि तेलाने माखलेले हात यांची लाज नको.

अडथळा खरा आहे तो खाजगी क्षेत्रातल्या आडनावाचा. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पात्रता सारखीच असूनही दलित नावाच्या अर्जांना खाजगी कंपन्यांकडून प्रतिसाद कमी आला, हे आकड्यांनिशी दाखविले. खाजगी नोकऱ्यांत आरक्षण नाही, असे म्हणून आपण हात टेकतो. पण शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ चे कलम ३-अ किती कार्यकर्त्यांनी वाचले आहे? ठरवून दिलेल्या ट्रेडमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊ जागा राखून ठेवणे या कलमाने मालकावर बंधनकारक आहे. मालक खाजगी असला तरीही. २०१९ च्या नियमदुरुस्तीनुसार तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. कारखान्याचे दार किलकिले करणारी ही कायद्याची पाचर आहे आणि ती आपण वापरीत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक औद्योगिक वसाहतीजवळच्या कार्यकर्त्यांनी शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकावा. कोणत्या कारखान्यात किती शिकाऊ, त्यांत राखीव जागा किती, भरल्या किती, हे लेखी मागावे. विहारातल्या स्पर्धा परीक्षेच्या वर्गाशेजारी आठवड्यातून एक दिवस कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या अभियंत्याला बोलवावे. सत्कार अधिकाऱ्याचा होतो तसा टूल रूममधून बाहेर पडलेल्या मुलीचाही व्हावा. आणि बार्टीने उत्पादन-प्रणाली, रोबो व स्वयंचलन यांच्या प्रशिक्षणाला स्पर्धा परीक्षांइतकेच वजन द्यावे, ही मागणी चळवळीने एकमुखाने करावी.

बाबासाहेबांनी १९४२ साली ब्रिटिश सरकारला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य मुलांसाठी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्या आणि तांत्रिक प्रशिक्षणाच्या सोयी मागितल्या होत्या. देशावर महायुद्धाचे सावट असताना त्यांना या मागणीची निकड वाटली. आज कारखान्यांची पुन्हा नव्याने मांडणी होत आहे. ती पूर्ण झाल्यावर दारात उभे राहून जागा मागण्यापेक्षा, नकाशा काढला जात असतानाच पेन्सिल हाती घेणे शहाणपणाचे आहे. जयभीम!