मोहोरावरची थंडी

फळझाडाला थंडी किती अंशांची पडली याहून ती कोणत्या दिवसांत पडली, हे अधिक निर्णायक ठरते. सफरचंदाचे झाड ऐन हिवाळ्यात सुप्तावस्थेत असताना उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी सोसते. पूर्ण बहरात असताना मात्र उणे २.२ अंशांना त्याची सुमारे १० टक्के, तर उणे ३.९ अंशांना सुमारे ९० टक्के फुले मरतात. ऊब लागून कळ्या फुगू लागल्या की त्यांची थंडी सोसण्याची ताकद उतरते. मग पेशींच्या बाहेरच्या पोकळ्यांत बर्फ धरतो, तो पेशींतले पाणी ओढून घेतो आणि पेशी सुकून फाटतात. फुलाच्या पाकळ्या ताज्या दिसतात. आतला स्त्रीकेसर काळा पडलेला असतो. म्हणून नुकसान पाहायचे तर फूल चिरूनच पाहावे लागते. फ्रान्समध्ये २०२१ साली मार्चअखेर ऊन तापले, द्राक्षवेली फुटल्या आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पारा शून्याखाली गेला. बागांमध्ये रात्रभर मेणाच्या मशाली जाळूनही मोठे नुकसान झाले.

आपल्याकडे, उदाहरणार्थ छत्तीसगडात, दव गोठते ते उंचावर: सरगुज्यातील मैनपाट आणि कबीरधाम जिल्ह्यातील चिल्फी घाटी इथे, तेही डिसेंबर-जानेवारीत. त्याच राज्यातल्या भिलाई शहराच्या नेहरू नगरासारख्या दाट वस्तीत भिंती आणि रस्ते दिवसाची उष्णता रात्री सोडत राहतात, त्यामुळे तिथे बर्फ धरण्याचा प्रश्न येत नाही. पण उष्ण प्रदेशातल्या झाडांना गोठणबिंदूपर्यंत जावेच लागत नाही. अंगणातला आंबा जानेवारी-फेब्रुवारीत मोहोरतो. त्या वेळी रात्री १५ अंशांच्या बऱ्याच खाली राहिल्या, तर मोहोरात नरफुलांचे प्रमाण वाढते, परागकण नीट रुजत नाहीत आणि धरलेली फळे कैरी होण्याआधीच गळतात. कोकणात लांबलेली थंडी आणखी एक घात करते. फळे धरलेल्या फांद्यांवर पुन्हा मोहोर येतो आणि नव्या मोहोराकडे अन्नरस वळल्याने आधीची फळे झडतात.

केळीचे दुखणे वेगळे. १३ अंशांच्या खाली फळाच्या सालीतला चीक साकळतो, सालीखाली तपकिरी रेषा उमटतात आणि फळ नीट पिकत नाही. केळी घरच्या फ्रिजमध्ये काळी पडतात ती याच कारणाने. जळगाव जिल्ह्यात थंडी लांबली की पाने पिवळी पडून सुकतात, नवे पान उमलायला वेळ लागतो, निसवण रखडते आणि घड खोडातच अडकतो.

महाराष्ट्रात या थंडीसाठी सर्वांत परिचित नाव निफाडचे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली पाऱ्याची नोंद दर हिवाळ्यात बातमी होते. पश्चिमी विक्षोभ सरकला की आभाळ निवळते आणि उत्तरेकडचा कोरडा वारा येतो. वारा पडला की जमीन आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडते. गार हवा जड, ती गोदावरी-कादवेच्या खोलगट भागात साचते. फेब्रुवारीत द्राक्षमण्यांत पाणी उतरलेले असते, साखर भरत असते. पहाटेचा गारठा आणि दुपारचे ऊन यांतली तफावत वाढली की मण्यांना तडे जातात, थॉम्पसन जातीचे हिरवे मणी गुलाबी पडतात. निर्यातीसाठी जपलेला माल काही रात्रींत स्थानिक बाजाराच्या भावावर येतो. वर्षभराच्या कष्टांचे हे मोल फारच कमी आहे.

उपायांत सर्वांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे शेकोट्या. धूर उष्णता अडवून धरतो ही समजूत पक्की आहे, पण धुराचे कण त्यासाठी फार बारीक असतात. उपयोग होतो तो आगीच्या उबेचा. त्यामुळे एका मोठ्या जाळापेक्षा बागभर विखुरलेल्या लहान शेकोट्या बऱ्या. मोठ्या आगीची गरम हवा वरचा उबदार थर भेदून निघून जाते. ओली, तणविरहित जमीन दिवसा जास्त उष्णता साठवते, म्हणून पाणी देणे हाच स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणावा लागेल. नेहमी हिताचे असलेले आच्छादन मात्र अशा रात्री उलटते, कारण ते जमिनीची ऊब झाडापर्यंत पोहोचू देत नाही. थंड देशांत फुलांवर तुषार सिंचन करतात. पाणी गोठताना दर ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता सोडते आणि कळी शून्याच्या जवळपास टिकून राहते. फवारा मध्येच बंद पडला तर मात्र बाष्पीभवनाने नुकसान वाढते.

मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंश कमी असेल, तर हवामान विभाग थंडीची लाट मानतो. २०१२ पासून ही लाट केंद्राच्या आपत्ती मदतीच्या यादीत आहे. हवामान आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती परिसरातील स्वयंचलित केंद्राच्या नोंदीवर, बागेतल्या पंचनाम्यावर नव्हे. केंद्र उंचवट्यावर आणि बाग ओढ्याकाठच्या खोलगट जागी असेल, तर दोन्हीकडच्या पाऱ्यात काही अंशांचा फरक सहज पडतो. खोलगटातल्या बागायतदाराचे नुकसान त्या नोंदीत उमटतच नाही.