टायर केव्हा बदलावा?

मालेगावहून कापडाचे गठ्ठे भरून कसारा घाट उतरणारा टेम्पो असो, रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातून पहाटे मासळी घेऊन आंबा घाटाने कोल्हापूर गाठणारी पिकअप असो, की गल्लोगल्ली पाव-खारी पोहोचविणारी बेकरीची तीनचाकी असो, आपल्या कित्येक बांधवांची रोजी टायरांवर उभी आहे. तरीही गाडीवरील खर्चात टायरचा खर्च आपण सर्वांत शेवटी करतो. तार दिसेपर्यंत टायर चालविणारे आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यालाच काटकसर म्हणणारेही आहेत.

ही काटकसर कितीची असते, ते एकदा हिशेबाने पाहू. समजा, छोट्या मालवाहू गाडीचा एक टायर ४,००० रुपयांना पडला आणि तो ४०,००० किलोमीटर चालला. म्हणजे किलोमीटरला १० पैसे. शेवटचे ३,००० किलोमीटर ओढूनताणून काढले, तर एका टायरमागे ३०० रुपये वाचले. चारही टायरांचे मिळून १,२००. आता घाटात टायर फुटला, तर मासळीवरचा बर्फ वितळण्यास किती वेळ लागतो आणि दुसऱ्या गाडीचे भाडे किती द्यावे लागते, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. गाडी उलटली तर हिशेबच उरत नाही.

आता टायर झिजला हे ओळखावे कसे? टायरच्या नक्षीच्या खाचेत वाकून पाहिल्यास ठराविक अंतरावर रबराची लहानशी आडवी उंचवटी दिसते. टायरच्या बाजूवर त्या जागी त्रिकोण किंवा इंग्रजीत टीडब्ल्यूआय ही अक्षरे असतात. नक्षी झिजत झिजत या उंचवटीच्या बरोबरीस आली की टायर संपला. मोटार वाहन नियमांनुसार चारचाकी व त्याहून मोठ्या गाड्यांसाठी खाचेची किमान खोली १.६ मिलिमीटर, तर दुचाकी व तीनचाकीसाठी ०.८ मिलिमीटर ठरलेली आहे. नव्या मोटारीच्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर असते.

मात्र कायद्याची हद्द ही शहाणपणाची हद्द नव्हे. खाच असते ती चाकाखालचे पाणी बाहेर फेकण्यासाठी. ती उथळ झाली की पावसात चाक रस्त्याला न धरता पाण्यावर तरंगू लागते आणि ब्रेक दाबूनही गाडी पुढे सरकत जाते. कोरड्या रस्त्यावर हाच टायर काही जाणवू देत नाही, म्हणून उन्हाळाभर माणूस गाफील राहतो. कोकणात किंवा घाटात गाडी चालविणाऱ्यांनी खाच ३ मिलिमीटरवर आली की मृग लागण्यापूर्वीच टायर बदललेला बरा.

झीज कोठे झाली आहे, हेही वाचता आले पाहिजे. मधोमध झिजला असेल तर हवा जास्त भरली जाते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी आहे किंवा माल जास्त आहे. एकच कड खाल्ली असेल तर व्हील अलाइनमेंट बिघडले आहे. जागोजागी खड्डे पडले असतील तर शॉकअब्सॉर्बर किंवा चाकाचे बॅलन्सिंग पाहावे. हे दुरुस्त न करता नवा टायर चढविला, तर तोही तसाच खाल्ला जाईल.

आता दुसरी बाब, जिच्याकडे आपले लक्ष जातच नाही. ती म्हणजे टायरचे वय. आमच्या शेजारच्या बेकरीवाल्या चाचांचा टेम्पो दिवसाला जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर फिरे. नक्षी अगदी भरलेली. "टायर नवेच आहेत," असे ते अभिमानाने सांगत. मे महिन्याच्या दुपारी माल भरून परगावी निघाले आणि पुढचा टायर बाजूने फाटला. चाचा सुखरूप राहिले, माल रस्त्यावर गेला. टायर उतरवून पाहिला तर आठ वर्षांचा निघाला!

रबर हवेतील ऑक्सिजन व ओझोनमुळे, उन्हामुळे आणि उष्णतेमुळे हळूहळू कडक होते व त्यास बारीक भेगा पडतात. टायर फिरता राहिला की रबरात मिसळलेले मेणासारखे संरक्षक द्रव्य पृष्ठभागावर येत राहते. उभ्या गाडीत ते होत नाही. म्हणजे कमी चालणारी गाडी टायरच्या दृष्टीने सुरक्षितच असते, हा समज चुकीचा आहे. वेल्डिंग मशीन व विजेच्या मोटारी ओझोन निर्माण करतात, तेव्हा वर्कशॉप असलेल्या बांधवांनी सुटे टायर त्यांच्याजवळ रचून ठेवू नयेत.

वय कळण्यास कोणास विचारावयाची गरज नाही. टायरच्या एका बाजूवर, बहुधा लंबगोल चौकटीत, चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. एका बाजूवर आकडा न दिसल्यास आतील बाजू पाहावी. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालापूर्वीचा आहे, तो भंगारात द्यावा. मिशलिन कंपनी पाच वर्षांनंतर टायरची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर तो कसाही दिसत असला तरी बदलावा असे सांगते. कित्येक मोटार कंपन्या सहा वर्षांचीच मुदत देतात. आपल्याकडचे ऊन, खड्डे आणि भरगच्च माल पाहता माझे मत सहा वर्षांच्या बाजूने आहे.

काही खुणा मात्र वय आणि झीज न पाहताच टायर बाद करतात. बाजूवर फुगा आला, म्हणजे आतील धागे तुटले. बाजूस चीर पडून धागा किंवा तार दिसू लागली. बाजूच्या गालावर पंक्चर झाले. अशा वेळी आत गेटर टाकून काम भागविण्याची रीत आहे. पंक्चरवाल्या बांधवांनी असे टायर पुढच्या चाकाला लावून देऊ नयेत, गिऱ्हाईक कितीही हट्ट करो.

रिमोल्ड टायर वाईट नसतो. सांगाडा चांगला असून काम नीट झाले असेल तर मागच्या चाकास तो खुशाल चालतो. पुढच्या चाकास नको, कारण तेथे टायर गेला की स्टेअरिंग हातात राहत नाही. मागे जोडचाके असतील तर एक नवा व एक झिजलेला असे लावू नये, सारे ओझे नव्यावर येते.

सेकंडहँड बाजारात सावध राहावे. गुळगुळीत टायरवर गरम हत्याराने खाचा कापून तो "हाफ लाईफ" म्हणून विकला जातो. तो ओळखण्याची खूण म्हणजे खाचेतील ती आडवी उंचवटी. ती जागेवर नसेल किंवा कापली गेली असेल, तर टायर कापलेला आहे. काळ्या पॉलिशखाली भेगा लपतात, म्हणून ओल्या फडक्याने पुसून आणि बाजू दाबून पाहावे. आपले बरेच बांधव याच धंद्यात आहेत. ऐब लपवून माल विकणे आपल्याकडे नाजायज आहे, आणि येथे तर त्या ऐबावर कोणाचा तरी जीव बसलेला असतो. टायरचे साल गिऱ्हाइकास स्वतःहून दाखवावे. पासिंगपुरते शेजाऱ्याचे टायर लावून गाडी दाखविणे हाही त्यातलाच प्रकार. आर.टी.ओ.चा शिक्का मिळतो, घाट मात्र आपल्याच टायरवर उतरावा लागतो.

लांब पल्ल्याच्या गाड्यांविषयी एक गोष्ट. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत व जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून टायर फुटण्याची चर्चा वाढली आहे. रस्ता तापतो म्हणून काही चालक निघताना हवा कमी करून घेतात. हे उलट आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त वाकतो आणि आतून जास्त तापतो. हवा सकाळी, टायर थंड असताना, कंपनीने सांगितलेल्या मापाने भरावी. वाटेत गरम टायरची हवा सोडू नये.

आणि हे सर्व पाहताना स्टेपनी खाली उतरवून तिचाही आकडा वाचावा. चार टायर दोनदा बदलले जातात, स्टेपनी मात्र गाडी घेतली त्या दिवसाचीच असते.