सणाचं जेवण

होळीला आपण पुरणपोळी करतो. वर तूप, जोडीला कटाची आमटी. पंगतीत वहिनी म्हणतात, "भावजी, आणखी एक घ्या!" नाही म्हणायला आपल्याला अवघड वाटतं. मग रात्री पोट फुगतं, झोप येत नाही.

असे का होते? पुरणातली हरभऱ्याची डाळ पचायला जड. तुपालाही वेळ लागतो. शिवाय पोट भरल्याचे मेंदूला कळायला सुमारे २० मिनिटे लागतात. भराभर जेवलो, तर ते कळेपर्यंत दोन पोळ्या जास्त जातात.

म्हणून आपण सावकाश, नीट चावून जेवावे. पोट भरले, की ताटावर हात आडवा धरावा. हसून म्हणावे, "पुरे वहिनी, पोळी झकास झाली!" यात कुणाचा अपमान नाही. अन्न वाया जात नाही, अन् सणही गोड होतो.